ग्रेडरकाका आणि टांगलेलं उत्तर

उत्कंठा या गोष्टीचा आमच्या ग्रेडरकाकांएवढा हाडवैरी अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. आर्णीत आमच्या भिंतीला लागूनच त्यांचं घर. नोकरी कापूस खरेदी केंद्रावर प्रतवारीची. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा, बोटांनी धागा ओढून पाहायचा आणि प्रत सांगून मोकळं व्हायचं. त्यामुळे टीव्हीवरच्या प्रश्नोत्तरांच्या कार्यक्रमात सूत्रसंचालक उत्तराआधी गप्प राहून स्पर्धकाकडे बघत बसला, की काकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "अरे, तुले माहीत हाये ना उत्तर? मंग सांगून टाक ना बाप्पा! कायले त्याले टांगून ठेवून राह्यला?"

कार्यक्रम मात्र त्यांनी एकदाही चुकवला नाही. प्रश्नाला चार पर्याय देणंच त्यांना मंजूर नव्हतं. "आमी काय कास्तकारापुढं चार प्रती ठेवून इचारतो का, तुले कोनती पाह्यजे म्हनून?" 'पक्कं ना?' असं पुन्हा पुन्हा विचारण्यावर तर विशेष राग. "दोनदा इचारलं की चांगल्या मान्साले सोताच्या नावाचा भरोसा राह्यत नाही." हरलेल्याला लगेच बाहेर काढू नये, कोपऱ्यात खुर्ची टाकून चहा पाजावा, अशी सूचना त्यांनी वाहिनीला पत्र लिहून कळवली. दोन महिने उत्तर आलं नाही. काकू म्हणाल्या, "येईन उत्तर. मधात जाहिरात चालू असन."

एकदा ऐन उत्तराच्या क्षणी लोडशेडिंग झालं. काकांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि जिथे वीज होती त्या शेजारच्या गावात नेलं. रस्त्यालगतच्या एका अनोळखी घराच्या खिडकीशी उभं राहून आत विचारलं, "भाऊ, काय निघालं?" आतल्या गृहस्थानेही जराही न गोंधळता सांगितलं, "ब." परत येऊन काका गल्लीच्या तोंडाशीच ओरडले, "ब होतं, ब!" अंधारात ओट्यांवर बसलेले लोक समाधानाने उठून जेवायला गेले.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. एका हंगामात वेचणीच्या वेळेसच पाऊस पडला. केंद्रावर गाड्यांची रांग दोन दिवस हलेना. त्या रांगेत माझ्या मामाची गाडी होती, म्हणून मी दुपारी डबा घेऊन गेलो होतो. ओला कापूस घ्यायचा नाही, असा निरोप वरच्या साहेबांकडून आला होता. पण गर्दी बिथरेल म्हणून तो संध्याकाळपर्यंत कुणाला सांगू नये, असंही बजावलं होतं. काका मामाच्या गाडीशी आले, हात घातला, मूठ बाहेर काढली आणि काहीच बोलले नाहीत.

मामा म्हणाला, "साहेब, काय हाये ते सांगा. काहून बोलत नाही?"

काकांचा चेहरा उतरला. ते तसेच वजनकाट्यावर चढले. "आयका! ओला कापूस आज घेनार नाही, उद्या बी नाही. घरी नेऊन वाळवा. ज्याचा कोरडा हाये, त्यानं पुढं या." आरडाओरडा झाला. दोघातिघांनी त्यांनाच शिव्या दिल्या. पण तासाभरात गाड्या वळल्या. मामाही वळला. जाताना म्हणाला, "बरं झालं सांगतलं. बैलं दोन दिवसांचे जुंपेल होते."

पंधरा दिवसांत काकांची उमरखेडला बदली झाली. सामान ट्रकवर चढत असताना मी विचारलं, "काका, तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबला असता तर?" ते म्हणाले, "तुया मामा माह्या तोंडाकडं पाहून राह्यला होता ना रे." आणि टीव्ही नीट बांधला की नाही ते बघायला गेले.

बऱ्याच वर्षांनी कामानिमित्त उमरखेडला गेलो, तेव्हा त्यांचं घर शोधून काढलं. काका निवृत्त झाले होते. काकू वारल्याचं मला तिथेच कळलं. टीव्हीवर त्याच कार्यक्रमाचा जुना भाग पुन्हा दाखवत होते. "आता हेच पाह्यतो," ते म्हणाले. "उत्तर ठाऊक असते. जिवाले घोर नाही."

पडद्यावर एक मुलगी घाबरून बोटं मोडत होती. सूत्रसंचालक गप्प होता. काका खुर्चीत पुढे सरकले आणि अगदी हलक्या आवाजात तिला म्हणाले, "भेऊ नको, बाई. बरोबर हाये तुयं."