मानेतली पुट्टी

रायपुरातल्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कुणी जुनी गाडी विकत घेतली, की पेढे वाटण्याआधी ती चुंबकमामांपासून लपवावी लागे. मामांच्या खिशात कुठल्याशा फुटक्या स्पीकरमधून काढलेलं एक चुंबक असायचं. ते गाडीवर जागोजागी लावून बघायचे. चिकटलं तर खाली लोखंड. गळून पडलं तर रंगाखाली भरलेली पुट्टी. मग हातोडी घेऊन ती पुट्टी भर रस्त्यात पाडून दाखवायची आणि मालकाचं तोंड निवांत बघत उभं राहायचं, ही त्यांची रीत होती.

तेलीबांध्याच्या रस्त्याला टिनाच्या शेडखाली त्यांचं दुकान. जुन्या स्कूटरी सोलायच्या, सडका पत्रा कापायचा, सिलतऱ्याच्या कारखान्यांतून आणलेला चांगला पत्रा जोडायचा, हे काम. माणूस मूळचा वर्ध्याकडचा. हातात कसब होतं आणि जिभेला हाड नव्हतं. रायपूर राजधानी झालं, नवी ऑफिसं आली आणि साहेबलोकांना जुन्या स्कूटरी चकाचक करून मिरवायची हौस आली. मामांना काम भरपूर मिळालं, पाणउतारा करायला माणसंही भरपूर मिळाली.

एकदा मी दुकानात बसलो असताना एक गृहस्थ बायको-मुलीला घेऊन आले. मुलीला कॉलेजात जायला घेतलेली, नुकती रंगवलेली स्कूटर होती. मामांनी पाय ठेवायच्या पत्र्यात पेचकस खुपसला, तो मुठीपर्यंत आत गेला. "पोट्टीले याच्यावर बसवून राहिले काय?" मामा म्हणाले. "मंग तिरडी पण सोबतच घेऊन ठेवा." मुलगी रडायला लागली. मामांनी डबा उघडला आणि तिच्यासमोर जेवायला बसले. ती मंडळी गेल्यावर मी म्हटलं, "मामा, जरा गोड बोलायचं होतं." ते म्हणाले, "गोड बोलणाऱ्यानंच त विकली ना त्याहिले." पुढे चार दिवस खपून त्यांनी तो सगळा पत्रा बदलून दिला. माझा जीव त्यांच्यावर होता तो अशाने.

वेल्डिंगची कड ते कधी घासून सपाट करत नसत. रंगाखालून ती वळासारखी उठून दिसायची. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायचे, "जोडलेलं आहे त जोडलेलं दिसू दे. लाज कायची?"

आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची, स्कूटर अकरा वर्षं घरामागे गंजत पडली होती. माझा धाकटा भाऊ संजू आबांना मागे बसवून चालला असताना ती वळणावर आडवी झाली, आणि आठव्या दिवशी आबा गेले. संजू जोरात चालवतो, हे घरात सगळेच म्हणाले. मीही म्हणालो. आईनं मरेपर्यंत त्याच्या हातचं पाणी घेतलं नाही. तो बिलासपूरला निघून गेला आणि तिकडेच राहिला. मला मात्र नव्या राजधानीत नोकरी लागली आणि इतरांसारखी जुनी स्कूटर मिरवायची हौस आली.

मामांनी फ्रेम सोलली. हँडल जिथे बसतं त्या मानेवर चुंबक लावलं, ते गळून पडलं. त्यांनी पुट्टी खरवडली, वाकलेल्या पाइपातला तडा मोकळा केला आणि मला जवळ बोलावलं. तड्याच्या आतपर्यंत पुट्टी होती.

"अपघातानंतर कोणी हात लावला इले?"

"नाही."

"मंग तडा पहिले, पुट्टी त्याच्यानंतर, आन् तुया बाप त्याच्यानंतर. कोणं भरली?"

मी रस्त्याकडे बघायला लागलो. अपघाताच्या महिनाभर आधी मी ती स्कूटर पुलाच्या कठड्याला धडकवली होती. आबा ओरडतील म्हणून तड्यात पुट्टी भरून वरून रंग मारला होता. तडा रंगाला नाही, लोखंडाला गेलाय, हे मला दिसलं होतं.

"हव," मामा म्हणाले. त्यांना कळलं होतं. "भावाले माहीत आहे?"

"नाही."

"बोलाव त्याले. त्याच्यासमोर जोडतो. नाही त ने भंगारात."

मी खरोखर सांगायच्या इराद्यानं संजूला बोलावलं. तो आला, उकिडवा बसला आणि त्या मोडक्या मानेवरून बोट फिरवत म्हणाला, "दादा, ये मुझसे ही टूटा था ना?"

मामा वेल्डिंगची नळी हातात धरून माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "हो."

संजू डोळे पुसून चहा सांगायला गेला. मामांनी मान जोडायला घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी सांगितलं असतं त तू सुटला असता. म्हणून नाही सांगितलं." त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. मी दुकानासमोरून गेलो की काम थांबवून नुसतं बघायचे. मी रस्ता बदलला.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. मला रडू आलं, पण ते नंतर. आधी हायसं वाटलं, कारण आता ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. कुठून तरी कळून संजू बिलासपूरहून त्यांच्या मातीला आला. परतताना म्हणाला, "दादा, लोग कहते थे बहुत कडवा बोलते हैं. सब कुछ जानते हुए भी मुझे एक शब्द नहीं सुनाया. बडे आदमी थे ना?"

मी पुन्हा हो म्हणालो.