मामाऐवजी मी आजारी पडलो

माझा मामा बँडात क्लॅरिनेट वाजवायचा. दर रविवारी संध्याकाळी बागेतल्या चौथऱ्यावर त्यांचा बँड बसतो. शेवटचं गाणं संपताना बाकीचे सगळे थांबायचे आणि मामाचा एकच सूर लांबत राहायचा. समोरची पोरं पैज लावून आपापला श्वास धरायची आणि हरायची.

मग तो सूर मध्येच तुटायला लागला. जिना चढताना मामा अर्ध्यावर थांबून भिंतीवरच्या जुन्या नोटिसा वाचू लागला. बँडमास्तर म्हणाला, "काका, जमत नसेल तर झांजा घ्या. त्याला दम लागत नाही." हे मामाच्या फार जिव्हारी लागलं.

मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि माझ्याशी बोलायला सुरुवात केली. "भूक लागते का यांना? झोप?" पेशंटच्या खुर्चीत मामा, बाजूच्या स्टुलावर मी, आणि प्रश्न सगळे स्टुलाला! उत्तरंही स्टूलच देत होतं. मधूनच ते मामाकडे वळून ओरडायचे, "आजोबाऽऽ, बरं वाटतंय नाऽऽ?" मामाचे कान असे, की बागेच्या फाटकापाशी कुणी बेसूर गुणगुणलं तरी त्याला चौथऱ्यावर त्रास होतो.

"ओरडू नका, तुमचा आवाज फाटतोय," मामा म्हणाला.

डॉक्टरांनी मला विचारलं, "चिडचिड नेहमीच होते का?"

मामाने सूर तुटतो, छाती भरून येते, सगळं सांगितलं. "पंच्याहत्तरीत पिपाणी कशाला फुंकायची? आता आराम करायचा," डॉक्टर म्हणाले. मी मान वाकडी करून पडद्यावर पाहिलं. वय टाकल्याबरोबर निदानाच्या चौकटीत 'वयोमानानुसार' असं आपोआप उमटलं होतं. डॉक्टरांचं काम फक्त बटण दाबण्याचं. मला संताप आला तो त्या शब्दाचा, मामाला 'पिपाणी'चा.

वर्षभर हेच चाललं. डॉक्टरांच्या गळ्यातला स्टेथोस्कोप दर खेपेला गळ्यातच राहिला. शेवटी एकदा बाकावर नंबराची वाट बघता बघता मामा म्हणाला, "आज तू आजारी पड."

"मला काय धाड भरलीय?"

"म्हणूनच. मला होतंय ते तुला होतंय म्हणून सांग. पदरचं काही घालू नकोस, मी शेजारीच बसतोय."

मी माझ्या नावाचा केसपेपर काढला आणि खुर्चीत बसलो. डॉक्टरांनी मला ओळखलं, मामाला नाही. मी मामाचे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले. डॉक्टर ताठ झाले. "चौतिसाव्या वर्षी? आणि हे अंगावर काढताय?" स्टेथोस्कोप निघाला, कार्डिओग्राम निघाला, इको, रक्त, सगळं आजच्या आजच. "छातीत आत्ता वावगं काही ऐकू येत नाही, पण लक्षणं मला आवडलेली नाहीत," ते म्हणाले.

"हे सगळं मामाला होतंय," मी म्हणालो.

"अहो, पण त्यांचं वय..."

मामाने उठून शर्टाची बटणं सोडली. "लक्षणं तीच आहेत, डॉक्टर. फक्त छाती बदला."

डॉक्टर नाइलाजाने उठले. मग बराच वेळ ऐकत राहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला. हृदयाची एक झडप पार अरुंद झाली होती.

मोठ्या इस्पितळात झडप बदलली. तिथल्या सर्जननी मला झापलं, "इतके दिवस का थांबलात? हृदय थकलंय यांचं. आधी आणायचं ना!"

"आलो होतो," कॉटवरून मामा म्हणाला. "पण तेव्हा हाच बोलत होता आणि आमचे डॉक्टर ह्याचंच ऐकत होते."

मामा आता जिना न थांबता चढतो. लांब सूर मात्र परत आला नाही. रविवारी तो झांजा वाजवतो, आणि शेवटचा सूर दुसरा कुणी धरतो तेव्हा खाली बघतो. मला ते बघवत नाही.

परवा आमचे डॉक्टर सहकुटुंब बागेत आले होते. गाणी संपल्यावर माझ्यापाशी येऊन म्हणाले, "या वयात वाजवतात हे! कमाल आहे. दमत नाहीत ना?"

मामा चौथऱ्यावरून उतरून मागे येऊन उभा राहिला होता. त्याने डॉक्टरांच्या कानाशी दोन्ही झांजा दणकन आदळल्या. डॉक्टर गर्रकन वळले.

"मला विचारा," मामा म्हणाला.