लाख वाती

परवा राजापेठेतून तयार वातींचं पाकीट आणलं. त्यांना राखेचा वास नव्हता. आई बोटांना राख लावून वाती वळायची.

साठच्या दशकात मी अकोल्याला कॉलेजात गणित शिकत होते. बाबा अंथरुणाला खिळले होते. ते उठावेत म्हणून आईने लाख वातींचा नवस बोलला होता. संख्या कितीही मोठी असली तरी ती सांतच, मोजत गेलं की संपते, असं त्या दिवशी सरांनी शिकवलं. घरी येऊन मी तेच आईला ऐकवलं. "लाख म्हणजे काही अनंत नाही, आई. रोज थोड्या जास्त वळल्यास तर सरतील."

झोपलेल्या बाबांकडे पाहून तिने आवाज उतरवला. "मले समजते ते. तू काहून घाई करून राहिली? वाती सरल्या अन् हे तसेच राहिले, त मंग देवाले काय म्हणू?"

मला तो अडाणीपणा वाटला. मी गणितं सोडवत बसले.

लाख भरायच्या आतच बाबा गेले. तेरावं झाल्यावर आई पुन्हा राख घेऊन बसली आणि उरलेल्या वाती तिने भराभर वळून संपवल्या. तिचा हात इतका चालतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.