रिकामा डबा

मुलीला पहिल्यांदा होस्टेलवर ठेवायचं म्हणजे आईबाप काय काय बघतात! माझ्या वडिलांनी दाराच्या कड्या ओढून पाहिल्या. माझ्या खोलीतल्या मुलीच्या वडिलांनी मेसची डाळ पळीने ढवळली, वास घेतला आणि ठरवूनच टाकलं, राहणं इथे धुळ्यात, जेवण घरचं. त्यांचं गाव सोनगीरच्या अलीकडे. सकाळच्या एसटीने डबा येणार, संध्याकाळच्या गाडीने रिकामा परत जाणार. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला झाकण नव्हतं, ते मात्र कुणाच्याच वडिलांनी पाहिलं नाही.

निघताना माझ्या खोलीतल्या मुलीला तिचे वडील म्हणाले, "आजारी पडनी तं सरळ घर लई जासू. मंग कालेज बंद." तिने मान हलवली.

ऐंशीच्या दशकातलं ते गाव, तिथे फोन कुठला? डबा रिकामा आला म्हणजे पोरगी बरी आहे, एवढीच काय ती खुशाली.

दिवाळीआधी तिची अन्नावरची वासना उडाली. डोळे पिवळे दिसायला लागले, तशी ती खिडकी लावून पडून राहू लागली. मी डॉक्टरांचं नाव काढलं की हात जोडायची. डबा माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "बठ्ठं खाई टाक. भरेल डबा गया तं माय घाबरी जाई."

मी सगळं खाल्लं. खोटं कशाला बोलू, आवडीने खाल्लं. मेसच्या त्या पाणचट डाळीपुढे कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत! डबा घासून, कडीला ओळखीसाठी लाल चिंधी बांधून मीच स्टँडवर कंडक्टरकडे द्यायची. लेक पोटभर जेवते म्हणून आई खूश झाली असणार, कारण चार दिवसांत दोन भाकरी जास्त यायला लागल्या. इकडे लेक वाळत गेली आणि माझे गाल वर आले. मला ते दिसत होतं. तरी मी गप्प बसले, त्याची लाज अजून जात नाही.

बाराव्या दिवशी ती बरळायला लागली, तेव्हा कुठे मी रेक्टरबाईंकडे धावले. तिचे वडील आले, तिला दवाखान्यात हलवलं. कावीळ डोक्यात गेली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली.

महिन्याभराने तिची आई पेटी न्यायला आली. हातात तोच डबा, लाल चिंधीचा. तिच्या कॉटवर बसली आणि म्हणाली, "डबा तं रोज रिकामा ये वं माय. मी म्हनू, पोर जेवस."

मी सांगायला हवं होतं. मी कॉटखालून तिची पेटी ओढून पुढे ठेवली.

तिने झाकण काढून डबा माझ्यापुढे ठेवला. "तू तिनी मैतरीन शेस. खाय."

ती समोर बसून माझ्याकडे बघत होती. मी सगळं संपवलं, डबा धुतला आणि रिकामा तिच्या हातात दिला.