हवालदाराच्या घरचा गांजाचा मध

माझ्या बुनरोडमावशीनं ज्या पोलिसाशी लग्न केलं, त्यानंच तिच्या बापाची झाडं उपटली होती. आमच्याकडे ही गोष्ट कुणी दबक्या आवाजात सांगत नाही. त्यांच्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक ती सांगून हसत होते म्हणे.

मावशीचे वडील, आमचे खाम्फान आजोबा, गावचे वैद्य. फू फानच्या डोंगराखाली आमचं गाव. स्वयंपाकघराच्या मागं मिरची, गवती चहा आणि गांजाची दोन झाडं, हे तेव्हा घरोघर होतं. कोंबडीच्या रश्श्यात दोन पानं पडायचीच. ज्यांना झोप लागत नसे, अन्न जात नसे, त्यांना आजोबा गांजा मुरवलेला मध बोटाच्या टोकावर द्यायचे. मग कायदा कडक झाला आणि एके सकाळी प्रायून नावाचा नवा पोलीस अंगणात येऊन उभा राहिला. पोरगेलासा, कानापर्यंत लाल झालेला.

"काका, वरून हुकूम आहे," तो म्हणाला.

"मग उपट की," आजोबा म्हणाले. "पण मुळासकट उपट. अर्धवट तोडलेलं झाड बघवत नाही मला."

त्यानं झाडं उपटली आणि आजोबांनाही चौकीवर नेलं. पण कोठडीत त्यांना चिकट भात आणि भाजलेला मासा स्वतः नेऊन देत राहिला. आजोबा सुटून आले तरी हा घरी येतच राहिला. कधी भाताच्या लावणीला, कधी गळकं छप्पर शाकारायला. मावशी तेव्हा एकोणीस वर्षांची होती. शेवटी आजोबाच तिला म्हणाले, "याला एकतर चौकीत परत पाठव, नाहीतर लग्न कर. आपल्या शेतात पोलीस राबताना बघून लोक मला सावकार समजायला लागलेत."

लग्न झालं, संसारही सुखाचा झाला. आजोबांनी मात्र पुन्हा कुणाला औषध दिलं नाही. त्या बंद पडलेल्या औषधाबद्दल घरात कुणी चकार शब्द काढायचा नाही, असं न सांगताच ठरून गेलं.

प्रायूनकाका निवृत्त झाले तेव्हा हवालदार होते. निवृत्तीनंतर त्यांना मधमाश्यांचा नाद लागला. पोळ्यांसाठी पोकळ ओंडके आणून त्यांनी लिचीसारखी फळं देणाऱ्या लाम्याईच्या झाडाखाली मांडले, आणि ज्या माणसाला उभ्या जन्मात कुणी शिट्टी वाजवताना ऐकलं नव्हतं, तो माश्यांना गाणी म्हणून दाखवायला लागला. आणि अशातच त्यांना पोटाचा कॅन्सर निघाला.

सकोन नाखोन शहराच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली, मग औषधाच्या बाटल्या चढवणं सुरू झालं. माणूस निम्मा झाला. घास तोंडाजवळ नेला की तोंड फिरवायचे. रात्रभर छताकडे बघत पडायचे. मावशी पेज करायची, त्यात आलं घालायची, माशाचा वास येऊ नये म्हणून चूल अंगणात मांडायची. पेज तशीच्या तशी कोंबड्यांना जायची.

त्याच वर्षी सरकारनं गांजावरची बंदी उठवली. घरी झाड लावायला मोकळीक झाली. मावशीनं दोन रोपं आणली आणि भर दिवसा, काकांच्या खाटेसमोर, अंगणात लावली.

"हे काय चाललंय?" काकांनी विचारलं.

"दिसत नाही? तुझ्या खात्यात एवढी वर्षं हेच झाड ओळखायला शिकवलं ना?"

"बुनरोड, जे मी जन्मभर उपटलं ते आता चाटू होय? लोक तोंडात शेण घालतील माझ्या."

"घालू देत. तेवढं तरी पोटात जाईल तुझ्या."

काका भिंतीकडे तोंड करून झोपले. मावशी झाडांना पाणी घालायला गेली.

झाडांना फुलं आली, पण मध कसा करायचा हे तिनं लहानपणी नुसतं पाहिलं होतं, हातानं कधी केलं नव्हतं. पहिल्या खेपेला तिनं ताजीच फुलं आणि पानं मधात बुडवून बरणी गच्च बंद केली. पानांच्या ओलाव्यानं मध आंबला, बरणीचं झाकण उडालं आणि मांजर दोन दिवस घरात आलं नाही. दुसऱ्या खेपेला तिनं मध थेट चुलीवर ठेवला. तो काळाकुट्ट झाला, कडू जहर. काकांच्या माश्यांचा मध असा वाया गेलेला पाहून तिला रडू आलं. मी तिथंच कांदा चिरत होते.

"मावशी, राहू दे ना. बाजारात तयार मिळतो आता."

"बाजारातल्यात काय घातलंय ते तुझ्या बापाला माहीत? तू कांदा चिर."

आणि मग खाटेवरून आवाज आला. "ते आधी वाळवायचे. सावलीत."

आम्ही दोघी वळलो. काका छताकडेच बघत होते.

"चौकीत मी तुझ्या वडिलांना विचारलं होतं," ते म्हणाले. "रात्रपाळी होती, दोघांनाही झोप येत नव्हती. वाळवायचं, खापरावर मंद भाजायचं, वास बदलेपर्यंतच. मग फडक्यात पुरचुंडी बांधून मधात सोडायची. आणि मधाचं भांडं गरम पाण्यात ठेवायचं, चुलीवर नाही. घाई करायची नाही."

मावशी उठून खाटेपाशी आली. बापानं ते तिला कधी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं. मग नाक पुसून म्हणाली, "एवढं माहीत होतं तर दोन बरण्या नासेपर्यंत गप्प का राहिलास, मेल्या?"

"तू विचारलंस का?"

तिसऱ्या खेपेचा मध छान उतरला. तपकिरी, दाट, ओल्या गवतासारखा वास. नवऱ्याला द्यायच्या आधी आपण चाखायचा, असं मावशीनं ठरवलं. दुपारी बोटाच्या टोकावर घेऊन चाटला. काही होईना. थोड्या वेळानं अर्धा चमचा घेतला, तरी काही होईना. "फुकट गेला," म्हणाली आणि रागारागानं दोन चमचे भरून खाल्ला.

पोटातून जाणारा गांजा उशिरा चढतो. मी धुणं वाळत घालून आले तर मावशी जिन्याच्या पायरीला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेली.

"पोरी, त्या कोंबड्या माझ्याबद्दल बोलतायत."

"काय बोलतायत?"

"पेज पांचट असते म्हणतात!"

मग तिची छाती धडधडायला लागली आणि ती घाबरली. आपण मरतोय, ती बरणी धुऊन टाका, असं काहीबाही बडबडायला लागली. मीही घाबरले. तेवढ्यात काका खाटेवरून उठले. कित्येक आठवड्यांत जो माणूस आधाराशिवाय उठला नव्हता, तो भिंतीला धरत आला आणि तिच्या शेजारी पायरीवर बसला.

"इकडे बघ माझ्याकडे. काही मरत नाहीस. असली माणसं मी चौकीत ढिगानं सांभाळलीत. चढलंय तसं उतरेल. पाणी पी." मला म्हणाले, "लिंबू पिळून आण, आणि हिला एकटीला सोडू नकोस."

तिचा हात हातात घेऊन ते संध्याकाळपर्यंत बसले. मध्येच मावशी दचकून विचारायची, "कोंबड्या गेल्या का?" काका गंभीरपणे सांगायचे, "त्यांची जबानी घेऊन सोडून दिलं." आणि मग त्यांना हसू फुटलं. पोटावरचा व्रण धरून हसले. तिच्याबरोबर चिकट भाताचा एक गोळाही त्यांनी खाल्ला. आपण खातोय हे त्यांच्या ध्यानातही आलं नसावं.

दुसऱ्या दिवशी मावशी शुद्धीवर आल्यावर काका म्हणाले, "आण तो मध. पण आधी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना विचारू. चोरून काही करायचं नाही या घरात."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. यानं कॅन्सर जात नाही, बाटल्या चुकवायच्या नाहीत, हे त्यांनी दोनदा बजावलं. झोपेच्या गोळीबरोबर घ्यायचा नाही, तांदळाच्या दाण्याएवढ्यापासून सुरुवात करायची आणि लहान मुलांच्या हाती लागू द्यायचा नाही, हेही सांगितलं. मावशीनं मान खाली घालून आपल्या दोन चमच्यांची हकिगत सांगितली तेव्हा मात्र बाईंना हसू आवरेना.

पहिले काही दिवस काहीच फरक नव्हता. मग एका पहाटे मावशी दचकून उठली, कारण खोली फार शांत वाटत होती. काका कूसही बदलत नव्हते. तिनं नाकाशी हात धरून पाहिला. श्वास चालू होता. माणूस गाढ झोपला होता. त्या दिवशी त्यांनी वाटीभर पेज संपवली. आठवड्याभरात पपईची कोशिंबीर मागितली, भरपूर मिरची घालून. मिरची काही मिळाली नाही, त्यावरून भांडण झालं. एवढ्या दिवसांनी त्यांना भांडण्याचं बळ आलेलं पाहून मावशी मोरीत जाऊन रडली.

अंगावर थोडं मांस धरलं म्हणून उरलेल्या बाटल्या सोसवल्या. शेवटच्या तपासणीत पोट स्वच्छ निघालं. श्रेय मधाचं की डॉक्टरांचं, यावर गावात अजून वाद चालतो. मावशी त्यात पडत नाही. "औषधानं रोग मारला, मधानं माणूस जागेवर धरला," एवढंच म्हणते. बरणी ती वरच्या कपाटात कुलपात ठेवते आणि कुणी मागायला आलं तर आधी विचारते, "डॉक्टरांना सांगितलंस?"

सध्या गांजाचे नियम पुन्हा बदलताहेत. काका परवाच शहरात जाऊन चौकशी करून आले. आता डॉक्टरांची चिठ्ठी लागणार म्हणाले, म्हणजे आपण चिठ्ठी घ्यायची. येताना त्यांनी बाजारातून दोन नवे पोकळ ओंडके आणले आणि दुपारभर ते झाडाखाली नीट बसवत होते. मावशी ओट्यावरून ओरडत होती, "अरे, उन्हात ठेवलास तर माश्या पळून जातील!"

"तू तुझी पेज बघ," काका म्हणाले, आणि गाणं म्हणत ओंडका सावलीत सरकवू लागले.