भोंग्यावर निघालेली नाव

सुरतच्या उधन्याहून तापीकाठच्या मगदल्ल्याला निघालेल्या आमच्या वरातीत नवरदेव म्हणजे शिडाची बारा फुटी नाव होती. शेजारच्या नानाभाईंच्या जीपमागे, जुन्या स्कूटरच्या दोन चाकांवर जुळवलेल्या गाड्यावर ती डुलत चालली होती. एका सायकलवाल्यानं तर तिला हात लावून खरी आहे ना, हेही बघून घेतलं.

नाव मी बांधली. प्लायवूड आणलं होतं सुमनच्या कपाटासाठी. आमच्या लग्नातली भांडी पंधरा वर्षं पोत्यात होती. पण रद्दीत एका परदेशी मासिकातला नाव बांधायचा नकाशा सापडला आणि मी, लूमचा फिटर, कामातून गेलो. तळ सपाट. मधल्या फटीतून पाण्यात सोडायची आणि हवी तेव्हा वर ओढायची फळी. डोलकाठी आडवी पाडली की सगळा संसार गाड्यावर. शिडाला मिलचं कोरं कापड.

सुमननं एकच अट घातली. "डुमसपर्यंत शिडावर नेऊन दाखवा. नाही जमलं, तर सोमवारी हिचं कपाट करायला सुतार येईल." सुतार तिनं सांगूनही ठेवला होता.

पंच म्हणून ती स्वतःच नावेत बसली. नानाभाई रस्त्यानं समुद्रकाठच्या डुमसला जाणार होते. म्हणाले, "दी आथमे त्यां सुधी ऊभो छुं" (दिवस मावळेपर्यंत उभा आहे).

सकाळी सातला मिलचा भोंगा झाला आणि आम्ही सुटलो. उधन्यात लग्नाची बोलणीसुद्धा पाळीच्या वेळेवर होतात. दुसरी वेळ मला सुचलीच नाही. वारा पाठीशी होता, शीड फुगलं होतं. मी सुमनकडे अशा काही नजरेनं पाहिलं, की ते आता आठवायला नको वाटतं. अर्ध्या तासात खालून खरखर आली. फळी वर ओढली. थोडं पुढे गेलो आणि थांबलो. चहूकडे चिखल.

खानदेशातली आपली तापी जागेवर असते. इथली दिवसातून दोनदा निघून जाते, हे पंधरा वर्षांत मी कुणाला विचारलं नव्हतं.

"व्हयनं तुमनं डुमस?" सुमननं विचारलं. (झालं तुमचं डुमस?) चिडली की ती अहिराणीवर येते.

जवळच एक म्हातारा माछी (कोळी) जाळं सांधत होता. त्याची होडी चिखलात कुशीवर निजली होती. तो म्हणाला, "तापीने पूछीने नीकळ्या'ता, के भोंगो सांभळीने?" (तापीला विचारून निघालात, की भोंगा ऐकून?)

"भोंगा ऐकून," मी म्हणालो. खोटं बोलून पाणी येणार नव्हतं.

पण तो गुडघाभर चिखलातून आला, वाकून तळ बघितला, थाप मारली. "आ तो पाटला जेवी बेठी छे" (ही तर पाटासारखी बसलीय). खरंच, त्याची होडी कलंडली होती आणि आमची सरळ होती. सपाट तळाचं श्रेय मी लगेच घेतलं. सुमननं कळण्याची भाकरी आणि भरीत काढलं, आणि त्या पाटावर आम्ही तिघं व्यवस्थित जेवलो. जाताना त्या माछी काकांनी सांगितलं: भरती पुरती होऊ द्या, पाणी उतरायला लागलं की निघा, पण वारा समोरून असेल.

दुपारी पाणी पुरतं चढलं, ओट (ओहोटी) लागली, आणि वारा खरंच समोरून आला. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. तिरकं जायचं, वळायचं, पुन्हा तिरकं. फळी खाली सोडली. पहिल्याच वळणाला शिडाचा आडवा बांबू माझ्या डोक्यावर बसला आणि सुकाणू हातातून सुटलं. ते सुमननं धरलं.

"तुम्ही दोरी सांभाळा," ती म्हणाली. "अन् खाली वाका."

उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. कापडाचा बाणा (आडवा धागा) भरतोय असं मला वाटत होतं. ती फक्त किनाऱ्याकडे बघत होती. पदर खोचलेला, चेहऱ्यावर खाऱ्या पाण्याचे थेंब. सूर्य पाण्यापासून हातभर वर असताना डुमसची वाळू लागली. नानाभाई जीपवर चढून टोपी हलवत होते.

परत येताना नाव पुन्हा जीपमागे डुलत होती. माझ्या डोक्याला टेंगूळ होतं, आणि इतकं समाधान मला कुठल्याही बढतीनं दिलेलं नाही.

सोमवारी सुतार करवत घेऊन आला. मी तोंड उघडण्याआधी सुमन दारात गेली.

"ते लाकूड नै, भाऊ," ती म्हणाली. "मनी नाव शे" (माझी नाव आहे).

भांडी अजून पोत्यातच आहेत.