तळाचं पाणी

खाडीत वरचं पाणी वेगळं आणि तळाचं वेगळं, हे आत्याला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या जिभेलाच ते ठाऊक होतं. डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्याचं गोडं पाणी हलकं, ते वरून पसरत यायचं. भरतीचं खारं पाणी जड, ते तळातून चोरासारखं आत सरकायचं. म्हणून आत्या रिकाम्या बाटलीच्या तोंडावर अंगठा दाबून ती तळापर्यंत न्यायची, अंगठा उचलायची, बाटली भरली की पुन्हा दाबून वर काढायची आणि एक घोट तोंडात घोळवून थुंकायची. नुसतं वरचं पाणी चाखून मत देणाऱ्यांना ती "बाहेरच्या खोलीतले पाहुणे" म्हणायची. घरात काय जळतंय ते त्यांना कळत नाही.

तिची कालवं, म्हणजे खायचे शिंपले, या दोन पाण्यांच्या मधोमध दगडांना चिकटून वाढायची. "कालवाचं माहेर गोडं नि सासर खारं," ती म्हणायची. "दोन्हीकडची माणसं आली-गेली पाहिजेत. एकाच घरची वर्दळ वाढली, की मेलंच समजा." नवरा गेल्यावर तिने आणि धाकट्या जावेने याच दगडांवर दोन घरं चालवली. तोंडाने फटकळ, हाताने चिवट बाई. सगळं गाव तिला आत्या म्हणायचं. सख्खा भाचा मात्र एकच, झऱ्यावरचा पंप चालवणारा. त्याची आई गेल्यावर त्याला आत्यानेच वाढवलं होतं.

आणि तो पंप बसला तोही आत्यामुळेच. नऊ वर्षांपूर्वी झरा असा काही फुटला, की पंधरा दिवस खाडी तळापर्यंत गोडी झाली आणि अर्धी कालवं तोंडं वासून मेली. त्याच सुमारास पाणीखात्याची माणसं शहरासाठी झरा मागायला आली. शाळेच्या वर्गात सभा भरली. सगळे एकमेकांची तोंडं बघत बसलेले. आत्या तावातावाने उठली. "न्या तो झरा! माझ्या डोळ्यांसमोरून न्या!" सगळ्यांत जास्त नुकसान झालेली बाईच हो म्हणतेय म्हटल्यावर बाकीचे हात भराभर वर गेले. रागाच्या भरात माणूस आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतो, आणि वर लोक टाळ्याही वाजवतात.

पंप बसल्यावर दोन वर्षं बरी गेली. मग कालवं हाताला हलकी लागू लागली. शिंपला उघडावा तर आत काहीच नाही, आणि पाठीवर सुईने पाडल्यासारखं गोल भोक. बोटाच्या पेराएवढ्या गोगलगायी समुद्राकडून वर चढून आल्या होत्या; शिंपल्याला भोक पाडायचं आणि आतलं मांस शोषून घ्यायचं, एवढंच त्यांचं काम. अळणी पाण्यात त्यांचा टिकाव लागत नाही. झरा फुटला त्या वर्षी एकही गोगलगाय नव्हती, हे आत्याला फार उशिरा आठवलं. ज्या पाण्याला तिने शिव्या घातल्या, तेच तिचं अंगण झाडून जात होतं.

मग ती दरवर्षी कालवांचे दगड झऱ्याच्या दिशेने वर सरकवत गेली. खारं पाणीही मागोमाग येत गेलं. यंदा दगड पंपघराच्या भिंतीला टेकले आणि सरकायला जागाच उरली नाही.

"पाच दिवस पंप बंद ठेव," ती भाच्याला म्हणाली. "झरा खाडीत सोड. या आठवड्यात भरत्या दुबळ्या आहेत, गोडं पाणी तळाला पोचेल. कालव तोंड मिटून दहा दिवस बसेल. गोगलगायीला तेवढा दम नाही, गळून पडेल बघ."

"आत्या, अर्धं शहर आहे त्या नळावर."

"मला सांगतोस? मीच दिलाय तो."

भाच्याने पंपाची नोंदवही ओढली. तीत त्याने 'मोटर जळाली' असं लिहिलं. "तीन दिवस. त्यापुढे माझ्या हातात नाही."

पहिल्या दिवशी बाटलीतलं पाणी खारटच होतं. दुसऱ्या दिवशीही खारट, पण जीभ चरचरली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याने घोट घोळवला आणि थुंकायचं सोडून गिळून टाकला. "अळणी! अगं, तळ अळणी झाला!" तिने जावेच्या तोंडाला बाटली लावली. दोघींनी वाकून दगड तपासले. गोगलगायी शंखांत आक्रसल्या होत्या, पण पकड सुटली नव्हती. जावेने एक ओढून पाहिली, तर ती कालवासकट हातात आली.

"अजून दोन दिवस," म्हणत आत्या ओल्या पायांनी पंपघरात धावली.

भाचा बटणापाशी उभा होता. "टँकरपुढे हाणामारी झाली, आत्या. एका म्हातारीचा हात मोडला. माझी बायको तान्ह्याला घेऊन दोन तास रांगेत होती. दुपारी साहेब मोटर बघायला येतायत."

"दोनच दिवस."

"नाही गं जमणार."

आयुष्यात कुणापुढे हात न पसरलेली ती बाई खाली बसली आणि तिने भाच्याचे पाय धरले. "कडेवर वाढवलंय रे तुला. दोन दिवस दे." चटका बसल्यासारखे त्याने पाय मागे घेतले. "असं नको ना करूस," म्हणत तो रडायला लागला, आणि रडत रडतच त्याने बटण दाबलं. मोटर सुरू झाली.

दुसऱ्या दिवशीच्या भरतीनंतर बाटली पुन्हा खारट आली. गोगलगायी पुन्हा शंखांबाहेर आल्या होत्या. एक गोगलगाय सावकाश एका कोवळ्या कालवावर चढत होती. तिला कसलीच घाई नव्हती. आता आपल्या हातात काहीच राहिलेलं नाही, हे आत्याला कळलं. कळूनही रडू आलं नाही, याचीच तिला जास्त भीती वाटली.

"सुऱ्या आण," ती जावेला म्हणाली. "सगळी कालवं काढायची."

"मोठी काढू या, ताई. बारकं बी राहू दे ना, वाढेल."

"कुणासाठी? त्या गोगलगायींसाठी?"

नखाएवढं बी सुरीच्या पात्याखाली फुटत होतं. ते कोण विकत घेणार, हे दोघींनाही माहीत होतं. जाऊ डोळे पुसत खरवडत होती. आत्या नुसती खरवडत होती. ओहोटी संपेस्तोवर सगळे दगड उघडे पडले.

संध्याकाळी काम संपवून भाचा काठावर येऊन उभा राहिला. जवळ यायचा त्याला धीर होईना. तिथूनच त्याने विचारलं, "आत्या, किती वाचली?"

"सगळी वाचली," आत्या म्हणाली. "टोपल्यांत आहेत. ये, उचलू लाग."